माझा पहिला नियम आणि चौक्याचा घाट

संपादकांनी 'गॅरेजमधल्या गमतीजमती' लिहून मागितल्या आहेत. शब्बीरभाईंना जाऊन आठ महिने झाले. त्यानंतर मला गमती फारशा आठवत नाहीत, आठवते ती चिडचिड. म्हणून तीच लिहितो आहे, रोज अर्धं-एक पान. घाई करून नीट काही होत नाही, हे गाड्यांनी शिकवलंय.

उस्मानपुऱ्यात आमचं गॅरेज एकोणतीस वर्षं चाललं. मी डिप्लोमा केलेला, पुस्तकं वाचणारा, प्रत्येक गाडीची वही ठेवणारा. शब्बीरभाई शहागंजचे, चौथीपर्यंत शिकलेले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत. मी वहीत डोकं घालून बसलो की ते म्हणत, "इंजिनेर, इत्ता नक्को लिख. गाडी कागज पे नहीं चलती." मी म्हणायचो, "आणि तुम्ही काय ऐकलं ते उद्या कोणाला कळणार?" तो प्रश्न तेव्हा थट्टेचा होता.

आमच्या धंद्यात ज्याला 'मिसिंग' म्हणतात ते बाहेरच्या माणसाला असं सांगता येईल. इंजिनात तीन किंवा चार सिलिंडर असतात. प्रत्येकात कार्ब्युरेटरमधून पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण जातं, ते दाबलं जातं, ठिणगी पडते आणि त्या स्फोटानं गाडी ढकलली जाते. चार माणसं जड कपाट उचलतायत आणि त्यातल्या एकानं मधूनच हात काढला, तर कपाटाला जो झोका बसेल तोच मिसिंगचा झटका. सगळ्यांचेच हात सैल पडले तर गाडी चढाला रडते, त्याला गिऱ्हाईक 'पिकअप नाही' म्हणतं. कारणं मोजकी असतात. पेट्रोल कमी, हवा कमी किंवा जास्त, ठिणगी नाही किंवा चुकीच्या वेळी, नाहीतर सिलिंडरला दाबच राहिला नाही. एकेक तपासायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ही साधी गोष्ट आहे आणि ती कोणालाही मान्य नसते.

गिऱ्हाईक येतं तेच निदान घेऊन. मेहुण्यानं सांगितलेलं असतं. अलीकडं मेहुण्याची जागा मोबाइलमधल्या व्हिडिओनं घेतली आहे, पण तोही मेहुण्याच्याच आत्मविश्वासानं बोलतो. औरंगपुऱ्यातल्या एका कापडवाल्या शेटजींनी प्लग, वायरी, कॉइल, कार्ब्युरेटर असं सगळं आधीच दुसरीकडं बदलून घेतलं होतं. गाडी झटके देत होती ती देतच होती. मी बॉनेट उघडून एअर फिल्टर काढला. आत उंदरानं घर केलं होतं, त्यांच्याच दुकानातल्या चिंध्यांचं. शेटजी ते बघून म्हणाले, "हे तर कोणी बघितलंच नाही." मी म्हणालो, "तुम्ही कोणाला बघू दिलंत?" ते रागावले. शब्बीरभाई मला आतल्या बाजूला नेऊन म्हणाले, "सच बोलने की कोई जल्दी थी क्या?"

दसऱ्यानंतरचा आठवडा तर ठरलेला. दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून लोक पाइप लावून गाडी धुतात, आणि भक्तिभावानं बॉनेट उघडून इंजिनही धुतात. पाणी प्लगच्या खड्ड्यात साचतं, सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात शिरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात झेंडूच्या माळा घातलेल्या पाच-सहा गाड्या खोकत उभ्या. दर वर्षी मी सांगायचो की इंजिन फडक्यानं पुसा. दर वर्षी त्याच गाड्या यायच्या. एक बाई तर म्हणाल्या, "पण मिस्त्री, बाहेरून धुवायची आणि आतलं मेन तसंच ठेवायचं, हे देवाला पटंल का?" मी फडकं घेऊन त्यांच्या गाडीचे प्लग पुसायला लागलो.

पण ज्या चिडचिडीबद्दल लिहायला बसलो ती माझी स्वतःवरची आहे.

गायकवाड गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. फुलंब्रीच्या पुढं त्यांचं गाव. गाडी जुनी, तीन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली, छोटी पांढरी. तशा गाड्या आता रस्त्यावर बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. त्यांच्या पत्नीची, शांताबाईंची, मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शहरातल्या दवाखान्यात डायलिसिस. अकरा वाजताचं मशीन. चार तास रक्त शुद्ध होणार, मग ते मशीन पुढच्या पेशंटचं. उशिरा पोचलं तर तेवढा वेळ कापला जायचा, कारण पुढचाही माणूस जगायलाच आलेला असायचा. एसटीत त्यांना उभं राहणं शक्य नव्हतं आणि गावातून भाड्याची गाडी वेळेवर मिळेलच याची खात्री नव्हती.

आणि गुरुजींची गाडी वाटेतल्या चौक्याच्या घाटात बंद पडायला लागली.

"जय भीम, जाधव," गुरुजी पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले. "घरून निघताना उत्तम चालते. वीस-पंचवीस मिनिटं झाली, घाट लागला, की झटके देते, ओढतच नाही, मग बंद. पंधरा-वीस मिनिटं थांबलो की पुन्हा चालू. परतताना पुन्हा तिथंच."

मागच्या सीटवर शांताबाई डोक्यावर पदर घेऊन टेकून बसल्या होत्या. नुकतंच डायलिसिस झालेलं, चेहरा राखेसारखा. त्या म्हणाल्या, "घाटाला माझं तोंड आवडत नाय जणू."

मी वही काढली. आता माझा पहिला नियम सांगायला हवा. कुठलीही मिसिंगची गाडी आली, की इंजिनाला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडून टॉर्चनं पेट्रोल बघायचं. जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. एकदा मी दोन दिवस एका गाडीचा कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो आणि टाकीत पेट्रोलच नव्हतं. त्या दिवशी शब्बीरभाई इतके हसले की दम लागला. तेव्हापासून हा नियम मी कधी मोडला नाही.

गुरुजींच्या गाडीत मात्र पेट्रोल होतं. झाकण लावलं, इंजिन चालू केलं. एकेक प्लगची वायर काढून बघितली. तिन्ही सिलिंडर काम करत होते, कारण प्रत्येक वायर काढल्यावर इंजिन कुरकुरत होतं. काम न करणाऱ्या सिलिंडरची वायर काढली तर काही फरक पडत नाही, तो आळशी असा सापडतो. इथं कोणी आळशी नव्हतं. क्रांती चौकापर्यंत चक्कर मारली. गाडी गाण्यासारखी चालली. प्लग साफ केले, ठिणगीचं टायमिंग बघितलं आणि वर सल्ला दिला, "गुरुजी, टाकी भरलेली ठेवत जा. तळाचा गाळ ओढला जायला नको."

शुक्रवारी टाकी भरलेली गाडी घाटाच्या अलीकडंच बंद पडली. शांताबाईंचा पाऊण तास कापला गेला.

शब्बीरभाई म्हणाले, कार्ब्युरेटर आहे. मी म्हणालो, कॉइल आहे, तापली की ठिणगी मरते, थंड झाली की जगते, लक्षणं तंतोतंत तीच. आमचं भांडण असं व्हायचं की दोघंही आवाज न चढवता दिवसभर एकमेकांकडं वस्तू मागायचो नाही, स्वतः उठून घ्यायचो. त्यांनी कार्ब्युरेटर उघडून साफ केला. मी कॉइल बदलली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा माझाच नियम मी त्या दिवशी मोडला, कारण मला ते आधी बरोबर ठरायला नको होते.

मंगळवारी गाडी पुन्हा घाटात. या वेळी अर्धा तास गेला.

शेवटी एका शुक्रवारी, डायलिसिसनंतर, मी गुरुजींबरोबर स्वतः निघालो. चालवायला मी, शेजारी गुरुजी, मागं शांताबाई. निघताना माझ्या नियमानं झाकण उघडलं, बघितलं, लावलं. हर्सूल गेलं, सावंगी गेलं. घाट दिसू लागला आणि पायाखाली ती जाणीव झाली, जी मिस्त्रीला आधी तळव्यात होते आणि मग कानात. गाडी आखडली. एक झटका, दुसरा. मी मनात म्हणालो, चला, सापडलीस.

गाडी कडेला घेतली. आता नियम काय? आधी पेट्रोल बघायचं. उतरलो, झाकण उघडलं. शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक धडधडत होते. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावलं, बॉनेट उघडून नव्या कॉइलला हात लावून बघितला, कोमट होती. चावी फिरवली. गाडी पहिल्या फेरीत चालू झाली आणि घाट चढून गेली.

"विश्रांती मिळाली की चालते," मी गुरुजींना म्हणालो. "उष्णतेचंच काहीतरी आहे."

मागून शांताबाई म्हणाल्या, "भाऊ, त्ये मागचं झाकण उघडलं की गाडी बरी होती का?"

"नाही बाई, ते फक्त पेट्रोल आहे का बघायला."

"नाय, रोज आम्ही थांबतो तवा लई वेळ लागतो. आज तुम्ही झाकण काढलं अन् लगीच निघालो."

"अगं, त्यांना विचार करू दे," गुरुजी म्हणाले.

मी त्यांना कॉइल, उष्णता आणि ठिणगी यांच्याबद्दल पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आसंल." हा शब्द आजही माझ्या कानात आहे. मला वाटलं, त्यांना पटलं.

त्यानंतर दोन आठवडे मी काय काय केलं त्याची यादी वहीत आहे आणि ती इथं देणार नाही. एका मंगळवारी शांताबाईंचे दोन तास गेले. शुक्रवारी त्या आल्या तेव्हा पाय सुजलेले, दोन वाक्यं बोलल्या की दम लागत होता. गुरुजी मला रागानं काही बोलले नाहीत. शिक्षक माणूस, फक्त म्हणाले, "जाधव, तुम्हाला नसंल सापडत तर सांगा. मी दुसरीकडं दाखवतो. माझ्याजवळ वेळ नाही, हिच्याजवळ तर त्याहून नाही."

आमच्या गॅरेजच्या शेजारी गाड्यांचे पत्रे ठोकणारा डेंटिंगवाला होता. त्याच्या हातोड्याखाली आम्ही एकोणतीस वर्षं काढली. त्या शुक्रवारी त्याच्या घरी लग्न, दुकान बंद, म्हणून हातोडा शांत. आणि दवाखान्यातून सरळ माझ्याकडं न येता गुरुजी आधी बीड बायपासला कोणाकडं औषधं आणायला जाऊन आले होते, त्यामुळं गाडी बराच वेळ चाललेली, दारातच झटके खात थांबली. शांताबाईंना खुर्ची दिली. शब्बीरभाई नमाज पढून आले होते, दहा पावलांवर चहा पीत बसले होते. मी टॉर्च घेतला आणि झाकण फिरवलं.

शब्बीरभाईंनी कप खाली ठेवला. "ये साँस कौन लिया?"

"कोण?"

"फिर से कर."

"काय करू? झाकण उघडलंय."

"वही बोल रहा मैं. तू खोला तो गाडी साँस ली."

त्यांनी माझ्या हातातून झाकण घेतलं. आणि तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष त्याच्याकडं गेलं. इतके आठवडे झाकण माझ्या हातात होतं आणि नजर टाकीत. झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध एक छिद्र असतं, पेट्रोल जसजसं कमी होईल तसतशी बाहेरची हवा आत यावी म्हणून. त्या छिद्रावर एम-सीलचा गोळा होता. घरच्या पाण्याच्या टाकीला लावावा तसा, बोटानं दाबून, कडा नीट गुळगुळीत केलेला.

वाचकांसाठी सांगतो. टाकी सगळीकडून बंद झाली, तर पंप पेट्रोल ओढतो तशी आत पोकळी तयार होते, आणि थोड्या वेळानं ती पोकळी पंपापेक्षा जोरात पेट्रोल मागं ओढते. इंजिन उपाशी मरतं. थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा झिरपते आणि पुन्हा चालू होतं. टाकी भरलेली असेल तर आत हवा मुळातच कमी, म्हणून पोकळी लवकर होते. म्हणजे माझ्या सल्ल्यानं गाडी जास्त लवकर बंद पडत होती. आणि माझा पहिला नियम दर वेळी, तपासणी सुरू होण्याआधीच, रोग बरा करत होता.

मी झाकण गुरुजींपुढं धरलं. "हे कोणी केलं?"

"मी," गुरुजी म्हणाले. "जुनं झाकण हरवलं, म्हणून बाजारातून हे आणलं. त्याच्या भोकातून वास यायचा. ही मागं त्याच बाजूला बसते. मशीनवरून उतरल्यावर तिला पेट्रोलचा वास आला की उलट्या होतात. म्हणून बुजवलं." त्यांनी झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडायची, एकानं तेल का येत नाही, हे मी सातवीला सव्वीस वर्षं शिकवलं. डबा घेऊन जायचो वर्गात."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?" माझा आवाज चढला. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकावर चढला नसेल इतका.

"तुम्ही इंजिनाबद्दल विचारत होता. हे काय इंजिन आहे?"

शब्बीरभाई मधे पडले. "गुरुजी, इनकू भी बोलो थोडा. ढक्कन रोज इनकेच हात में था."

मी स्क्रू-ड्रायव्हरनं एम-सील खरवडून काढलं आणि बायपासला लांब चक्कर मारली. चाळीस मिनिटं एकही झटका नाही. मी विजयी होऊन परत आलो. गुरुजी शांताबाईंना घेऊन निघाले आणि वीस मिनिटांत परत आले. शांताबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढलेली, उलटीनं पदर ओला.

"गाडी चालतेय," गुरुजी म्हणाले. "ही बसू शकत नाही. तुमचं काही चुकलं नाही जाधव, पण ते भोक बुजवून द्या. मी दर दहा मिनिटांनी थांबून झाकण उघडत जाईन. घड्याळ लावून."

ते खरोखर तसं करणार होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मी, पुस्तकं वाचणारा माणूस, प्लगपासून रेडिएटरपर्यंत सगळं बदलून बसलेला, नुसता उभा होतो.

शब्बीरभाई म्हणाले, "कंपनी का ढक्कन अलग रहता. अंदर पडदा रहता उसमें. हवा अंदर जाती, बास बाहर नहीं आती." ते स्कूटरवर शहागंजच्या मागं भंगारवाल्यांकडं गेले आणि तासाभरात रुमालात सात जुनी झाकणं बांधून आले. ती रॉकेलनं धुतली, फडक्यानं पुसली. मग तपासणी. झाकणाच्या बाहेरून फुंकायचं, हवा आत गेली पाहिजे. ओढून बघायचं, काही येता कामा नये. शब्बीरभाई, मी आणि निवृत्त विज्ञान शिक्षक, तिघं रांगेत बाकावर बसून पेट्रोलची झाकणं तोंडाला लावून फुंकत होतो. शांताबाई खुर्चीतून बघत होत्या. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. "पावा वाजवायला बसल्यात जणू," त्या म्हणाल्या. "एकाचा तरी सूर लागू द्या रे बाबांनो."

सहाव्या झाकणाचा लागला.

मी गाडीत बसलो. खात्री झाल्याशिवाय त्यांना एकटं सोडायचं नव्हतं. या वेळी गुरुजी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. काचा बंद. हर्सूल गेलं. सावंगीला मी मागं वळून म्हणालो, "बाई, झाकणाचं तुम्ही आधीच सांगितलं होतं. मी ऐकायला हवं होतं."

"मला काय कळतंय गाडीतलं," शांताबाई म्हणाल्या. "तुम्ही झाकण काढलं की वास यायचा. मळमळलं की मी घड्याळ बघायची, किती वेळ दम धरायचा म्हणून. मंग कळायचंच ना, कवा उघडलं अन् कवा चालू झाली."

मी पुढं तोंड केलं. तिघांनी मिळून इतके आठवडे तपासलेल्या गाडीत मागच्या सीटवर एकटी बाई घड्याळ लावून बसली होती, आणि त्या निरीक्षणाला माझ्या वहीत एक ओळसुद्धा नव्हती. त्या रात्री मी ती लिहिली, पण तारीख मागची घालता आली नाही.

चौक्याचा घाट लागला. इंजिन एका सुरात ओढत होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मी तळवे गाडीच्या पत्र्याला टेकवून बसलो होतो. आणि ऐन चढाला गाडीचा जोर उतरला. आवाज खाली आला, वेग कमी झाला, मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला. कानांनी झटका शोधला. झटका नव्हता. मी खाली गुरुजींच्या पायाकडं बघितलं.

त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय अर्धा उचलला होता. आरशात बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"हळू," गुरुजी म्हणाले. "झोप लागलीय तिला."